हात लांब ठेवा

रविवारची सकाळ होती. चहाचा दुसरा कप, खिडकीतून आलेलं तिरकं ऊन आणि रेडिओच्या चाळीस मीटर बँडवरची नेहमीची खरखर. रत्नागिरीकडचे एक ज्येष्ठ हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, भेटले. त्यांचं नाव आणि कॉल साइन, म्हणजे हवेतलं सांकेतिक नाव, मुद्दाम लिहीत नाही. या गोष्टीत लाज वाटावी असं जे काही आहे ते माझंच आहे. आवाज कसा येतोय याचे एकमेकांना रिपोर्ट दिले, त्यांच्याकडे मी फाइव्ह-सेव्हन, म्हणजे स्पष्ट आणि बऱ्यापैकी जोरात, पोचत होतो. "रिग काय वापरता?" त्यांनी माझ्या रेडिओ सेटबद्दल विचारलं. "होमब्रू, ओएम. बिटएक्स. पाच-सहा वॅट." (ओएम म्हणजे ओल्ड मॅन, हॅम एकमेकांना असंच म्हणतात; बिटएक्स हे आतल्या सर्किटचं नाव.) "वा! आणि कॅबिनेट?" मी माइकचं बटण दाबलं आणि डोळ्याची पापणीही न लवता सांगितलं, "ॲल्युमिनियम." पलीकडून लगेच काही आलं नाही. नुसती खरखर, मध्येच कुठल्यातरी दूरच्या स्टेशनची शिट्टी. मग त्यांचा आवाज आला, शांत, थोडासा खर्जातला. "बरं. मग जरा हात लांब ठेवा."

मी दचकून हात उचलला.

कारण माझा डावा तळवा खरोखरच डब्यावर होता. काही लोकांना बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय असते, तशी मला बोलताना रेडिओवर हात ठेवायची आहे. डबा धातूचा असता तर काही बिघडलं नसतं. पण माझा प्लास्टिकचा, आणि त्याच्या आड व्हीएफओची, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या भागाची, कॉइल असते, आणि माणसाचा तळवा म्हणजे त्या कॉइलच्या लेखी एक ओलसर, जिवंत कपॅसिटर. हात जवळ आला की कपॅसिटन्स दोन-चार पिकोफॅराड वाढतो, फ्रिक्वेन्सी सरकते. साइडबँडवर, म्हणजे आम्ही बोलतो त्या पद्धतीत, शंभरेक हर्ट्‌झ सरकलं तरी ऐकणाऱ्याला माणसाचा आवाज बदकासारखा वाटू लागतो. म्हणजे मी हात ठेवत होतो, उचलत होतो, आणि तिकडे ते बिचारे डायल फिरवत माझ्या मागे मागे येत होते. त्यांना सगळं कळलं होतं. ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटवर हात ठेवल्याने कोणी सरकत नाही, हे त्यांनी मला कसं सांगितलं, तर हात लांब ठेवा म्हणून. पुढचे पंधरा दिवस ते वाक्य माझ्या मागे लागलं होतं. स्कूटर चालवताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, झोपताना.

आता त्या डब्याविषयी सांगतो. करड्या रंगाचा, बुटाच्या खोक्यापेक्षा थोडा लहान. मागच्या बाजूला अर्धवट पुसलेली अक्षरं आहेत, ११० एमएम आणि शेजारी आयएसआयचा छाप, कारण तो चार इंची पीव्हीसी पाइपातून केलाय. होय, तोच पाइप. बाथरूममधून खाली जाणारा. डाव्या कोपऱ्यात तपकिरी जळका डाग आहे, पोळीवर असतो तसा. ट्यूनिंगचं बटण एका मेलेल्या व्हॉल्व्ह रेडिओचं, पिवळटलेलं, मधोमध पितळी टिकली असलेलं; ते पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी मिळालं. पुढच्या पॅनेलवरचं स्पीकरचं जाळं मी सोळा गुणिले सोळा असं आखून घेतलं होतं, आणि चौथ्या रांगेत ड्रिल घसरल्यामुळे तिथून पुढे सगळी भोकं एक मिलिमीटर उजवीकडे आहेत. पाहुण्यांना दिसत नाही. मला त्या जाळ्यात दुसरं काही दिसतच नाही.

खोटं का बोललो, याचा विचार करताना एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. आतलं सर्किट माझं नाही. ते हैदराबादच्या अशर फरहान यांचं, कॉल साइन व्हीयू२ईएसई. नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळा असं सुचवणारा त्यांचा पहिला बिटएक्स जगभरच्या हॅमनी डोक्यावर घेतला, कारण त्यात महागडं, दुर्मीळ असं काही नव्हतंच. एकच अँप्लिफायर सिग्नल येताना आणि जातानाही वापरायचा, जसा अरुंद पूल दोन्हीकडची वाहतूक आलटून-पालटून घेतो. २०१६ मध्ये त्यांनी बिटएक्स४० काढला, सात मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे चाळीस मीटरचाच, तयार आणि तपासलेला बोर्ड. माझ्याकडे तोच आहे, सुरुवातीचा, ॲनालॉग व्हीएफओवाला. नंतर डिजिटल आला, मी हट्टाने जुनाच ठेवला. तर बोर्ड तयार मिळाला. सोबत कॅबिनेट नव्हतं. ज्याने त्याने आपापलं करायचं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यापासून सागवानी पेटीपर्यंत लोकांनी काय काय केलंय. म्हणजे या अख्ख्या रेडिओत माझ्या हाताने झालेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे डबा. सर्किटचं श्रेय मी त्या दिवशी अगदी प्रामाणिकपणे दुसऱ्याला दिलं आणि जे माझं होतं ते नाकारलं.

प्लास्टिकशी माझी ओळख तशी जुनी. सांगलीला मामाचं पाट्यांचं दुकान होतं. डॉक्टरांच्या पाट्या, वकिलांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, गणपतीत मंडळांची अक्षरं. मे महिन्याच्या सुट्टीत मी दुकानात बसायचो. ॲक्रिलिकच्या शीटवर तपकिरी कागद चिकटवलेला असायचा, तो सोलणं हे माझं काम. एका कोपऱ्याला नख लावायचं आणि सलग ओढायचं. खाली जी चकाकी निघायची तिला त्या वेळपर्यंत कोणाचाही हात लागलेला नसायचा. मामा हॅकसॉच्या तुटक्या पात्याला घासून आकडी केलेल्या सुरीने शीटवर सात-आठ वेळा रेघ ओढायचा. भुशाऐवजी पांढऱ्या कुरळ्या साली निघायच्या. मग शीट टेबलाच्या कडेवर ठेवून तळहाताने एकच दाब. कट्. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि जोडायला क्लोरोफॉर्म, इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये. दोन तुकडे काटकोनात धरायचे, सुई सांध्याच्या एका टोकाला नुसती टेकवायची, आणि तो द्रव भेगेतून आपोआप सरसर धावत जायचा, धुरकट सांधा काचेसारखा व्हायचा. "सुईला ठाऊक असतं कुठं जायचं ते," मामा म्हणायचा, "तू नुसतं दार दाखव." त्या गोडसर वासाने डोकं जड व्हायचं. आज एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला त्या वासात तासन्‌तास बसवलं तर आईबापांवर कोणीतरी तक्रार करेल, आणि बरोबरच आहे ते.

पावसाळ्यात मामा जोडकाम टाळायचा. हवा दमट असली की सांधा पांढरा पडतो. द्रव भर्रकन उडून जाताना तिथली जागा गार होते आणि हवेतलं पाणी तिथेच बसतं. गिऱ्हाईक घाई करायचं. मामा म्हणायचा, "श्रावणातली पाटी मोतीबिंदूची. चालेल?" गिऱ्हाईक थांबायचं.

पण पहिला डबा काही मी मामाच्या पद्धतीने केला नाही. आळस. बोहरी आळीतून आणलेला स्वयंपाकघरातला डबा होता, झाकण निळं, शेवयांसाठी आणलेला. त्यात बोर्ड बसवला. कडेला भोकं पाडायला सोल्डरिंग आयर्न वापरलं, त्यामुळे प्रत्येक भोकाला वितळलेली जाड ओठासारखी कड आणि घरभर वास. बोर्ड उचलून धरणारे खुंट, म्हणजे स्टँडऑफ, चिकटवायला गेलो तर काहीच चिकटेना. इपॉक्सी लावलं, दुसऱ्या दिवशी ते अख्खं सुटून हातात आलं, पेढ्यासारखं. असे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्या प्लास्टिकला साधा कोणताच डिंक धरत नाही, ही अक्कल मला नंतर आली. आठवड्याने बायको शेवया हातात घेऊन ओट्याशी उभी. "अरे, माझा डबा कुठेय?" मी खोलीकडे बोट दाखवलं. ती आत जाऊन पाहून आली. काही बोलली नाही. शेवया स्टीलच्या डब्यात भरल्या. ते न बोलणं आणि रत्नागिरीकरांची ती खरखरीतली शांतता, दोन्ही एकाच जातीची होती असं आता वाटतं.

मग ॲक्रिलिक. तीन मिलिमीटरचं, धुरकट काळं, चारही बाजूंनी आतले लाल-हिरवे एलईडी अंधुक दिसतील असं. मामा आता नाही. त्याची ती आकडी सुरी मात्र मामेभावाने मला दिली. जुन्या शेगडीची नायक्रोमची तार दोन खिळ्यांमध्ये ताणून त्यावर शीट धरली आणि वाकवली. रेघ जिथे तापते तिथेच शीट झुकते, बाकी थंड राहते, फार देखणं काम. बीएनसीचं, म्हणजे अँटेनाच्या सॉकेटचं, भोक पाडताना खाली लाकूड ठेवलं, ड्रिलची धार मुद्दाम बोथट केली, कारण धारदार ड्रिल ॲक्रिलिकमध्ये घुसतं आणि बाहेर पडताना टवका उडवतं. सगळं जमलं. तीन रविवार गेले. शेवटी बोटांचे ठसे पुसायला म्हणून कापसावर स्पिरिट घेतलं आणि छान पुसून ठेवलं. सकाळी उठून पाहतो तर प्रत्येक भोकाभोवती केसासारख्या बारीक भेगा, सूर्यफुलासारख्या पसरलेल्या. ड्रिलने आत ताण राहिला होता, स्पिरिटने त्याला वाट करून दिली. मी बराच वेळ ते हातात घेऊन बसलो. उन्हात धरलं की भेगा चमकायच्या, सुंदरच दिसायच्या, काय सांगू. संध्याकाळी मधला सॉकेट घट्ट करायला गेलो तेव्हा पॅनेलचे दोन तुकडे झाले. आवाज तोच. कट्.

मग पाइप. हे मला कोणी शिकवलं नाही, प्लंबर शिकवून गेला असं म्हणता येईल. आमच्या सोसायटीत ड्रेनेजची लाइन बदलली तेव्हा जिन्याखाली पाइपाचे हातभर तुकडे पडले होते. चार इंची पाइप उभा चिरला की उलगडून साडेतेरा इंच रुंदीचा पत्रा मिळतो. बाहेरचा व्यास ११० एमएम धरून घेर काढून बघा. पीव्हीसी ऐंशी-एक अंशाला नरम पडतं. हातमोजे घालून मी तो गॅसच्या मंद आचेवर, पापड भाजतो तसा वरच्यावर फिरवत होतो. जरा थांबलं की डाग, आणि मग तो नाकात घुसणारा आंबट, झोंबणारा वास, जो आला की खिडक्या उघडायच्या आणि सगळं बंद करून बाहेर जायचं. नरम झाला की दोन पोळपाटांमध्ये, वर धान्याचा डबा. दहा मिनिटांनी काढला तेव्हा पाइप पत्रा झालेला. पण पुरता नाही. पाइपाला आपण पाइप होतो हे आठवत असतं. पुन्हा ऊन लागलं, पुन्हा ताप मिळाला की कडा हळूच आत वळू लागतात. माझ्या डब्याची वरची बाजू आजही किंचित फुगीर आहे. तिच्यावर चहाचा कप ठेवला तर डुलतो.

लोक म्हणतात, मग सरळ पत्र्याचंच का करत नाही? करून पाहिलं. फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो, ड्रॉइंग दाखवलं. "किती पीस?" "एक." त्याने माझ्याकडे पाहिलं, ड्रॉइंगकडे पाहिलं, आणि मागच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. घरी पत्रा कापायचा तर फ्लॅटमध्ये रात्री अकरा वाजता करवत चालवायची, खालच्या काकूंचा फोन येणार. मला वेळ रात्री अकरालाच मिळतो. प्लास्टिक मुकाट्याने कापून घेतं. बंगला असलेल्या माणसाने धातू करावा, मी दुसऱ्या मजल्यावरचा माणूस आहे.

आणि प्रत्येक ठिकाणी धातूच बरा असंही नाही, हे मी गच्चीच्या साक्षीने सांगतो. डायपोलच्या, म्हणजे तारेच्या अँटेनाच्या, मध्यावर बलूनसाठी (केबल आणि अँटेना जुळवणारी कॉइल, फुगा नव्हे) इलेक्ट्रिशियन वापरतात तो पांढरा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स लावला होता. दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार, मध्ये हा, आणि त्याच्या बुडाला पाणी निथळायला एक भोक. पुण्याचा पाऊस त्याने तीन वर्षं झेलला, आत थेंब नाही. गंज नाही. एकदा एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना किती जुळलीय ते सांगणारा आकडा, उगाच वर-खाली होतोय म्हणून उघडला तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. त्या निथळायच्या भोकातून आत शिरून, चिखलाचे गोळे वाहून, माझ्या टोरॉइडला, म्हणजे त्या कॉइलच्या कड्याला, टेकवून तीन सुबक कोठड्या. आम्ही दोघांनीही एकाच बॉक्समध्ये घर केलं होतं आणि काम तिचं जास्त नेटकं होतं. कोठड्या खरवडायला हात होईना, पण खरवडल्या. त्याच दिवशी स्क्रू परत आवळताना बॉक्सचा कान पिठासारखा सुटून बोटात आला. पावसाने जे केलं नाही ते उन्हाने केलं होतं. बाहेरून धड दिसत होता, पण पृष्ठभागावर बोट फिरवलं की खडूसारखी पांढरी भुकटी.

तर तो रविवार आणि 'हात लांब ठेवा'. पंधरा दिवसांनी मी डबा उघडला. पहिल्यांदा हाताचा परिणाम अडवायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल आतून चिकटवली होती, पूर्वीच, आणि ती बसल्या जागी शोभेची झाली होती. पट्ट्या एकमेकींवर आहेत पण मध्ये डिंक, म्हणजे विजेच्या दृष्टीने प्रत्येक पट्टी आपापल्या घरी. साधं सोल्डर तर ॲल्युमिनियमला धरतच नाही. शिवाय हीटसिंकही, म्हणजे ट्रान्झिस्टरची धग शोषणारा धातूचा तुकडा, मी शहाणपणा करून आत ठेवला होता. शेवटचा ट्रान्झिस्टर, आयआरएफ५१०, बोलताना तापतो, प्लास्टिकमधून ती धग बाहेर जात नाही, डब्यात कोंदट होतं, आणि बोर्ड गरम झाला की व्हीएफओ आणखी सरकतो. म्हणजे हात लांब ठेवूनही मी सरकतच असणार. हे त्यांनी सांगितलं नव्हतं; एका वेळी एकच चूक सांगायची, असं काहीतरी असावं.

तांब्याचा पातळ पत्रा हवा होता. कसब्यात तांबट आळीत गेलो. तिथे शिरलं की ठोक्यांचाच आवाज, वेगवेगळ्या दुकानांतून वेगवेगळ्या लयीत, आणि मधूनच चार हातोड्या एकत्र पडल्या की अंगावर येणारा एक मोठा ठोका. एका कारागिराला म्हटलं, घडवायचं काही नाही, नुसता कातरलेला उरलेला तुकडा द्या, एवढा. त्याने विचारलं, "कशाला?" "डब्याला आतून लावायचाय." "कल्हई?" म्हणाला. नाही म्हटलं, प्लास्टिकचा डबा आहे. त्याने हातोडी खाली ठेवली. प्लास्टिकच्या डब्याला आतून तांबं, ही गोष्ट त्याच्या शेजाऱ्यालाही ऐकवली. दोघे हसले, मीही. पण तुकडा दिला, आणि कडा हाताला लागू नयेत म्हणून न सांगता ठोकून बोथट करून दिल्या. तीन-चार ठोके. माझं तेच काम घरी कानशीने अर्धा तास चाललं असतं.

घरी येऊन आधी कागदाचा नमुना कापला, मग पत्रा. डब्याच्या आत तांब्याचा दुसरा डबा, सगळे कोपरे बाहेरच सोल्डर करून मग आत सरकवला, म्हणजे पीव्हीसीला ताप नको. बोर्डची ग्राउंड त्याला चार ठिकाणी. हीटसिंक मागच्या भिंतीबाहेर आणला. ट्रान्झिस्टरचा धातूचा टॅब त्याच्या ड्रेन नावाच्या पायाला जोडलेला असतो, म्हणून मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला नायलॉनचा बुश. ते विसरून एकदा हीटसिंकला बोट लावलं होतं, आरएफचा, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या विजेचा, चटका छोटा असतो पण आत खोल जातो, आठवडाभर पांढरा ठिपका राहतो. बाहेरून डबा होता तसाच. जळका डाग, फुगीर टप, आयएसआयचा छाप. झाकण लावल्यावर आतलं तांबं कोणालाच दिसत नाही.

पुढच्या रविवारी ते होते. दोन-तीन स्टेशनं बोलून गेली, मग मी हाक दिली. डावा हात, सवयीने, डब्यावरच होता. लक्षात आलं तरी उचलला नाही. हवापाणी झालं, त्यांच्याकडे आंब्याला मोहोर कसा आहे ते झालं. मग म्हणाले, "आज सरकत नाही तुम्ही. डबा बदललात?"

डबा म्हणाले. कॅबिनेट नाही.

"नाही ओएम," मी म्हटलं, "तोच आहे. आतून तांबं लावलं." आणि मग, बटण सोडायच्या आधी, "ॲल्युमिनियमचा नव्हता तो. पाइपाचा आहे. चार इंची." खरखर. माझ्या कानशिलांत गरम वाटत होतं. "गॅसवर तापवलात का?" "हो." "डाग पडला असेल." "पडलाय. डावीकडे." "माझ्या पहिल्याला उजवीकडे होता," ते म्हणाले, आणि हसले बहुतेक, पण तेवढ्यात क्यूएसबी, म्हणजे सिग्नलची चढउतार, सुरू झाला. आवाज वर यायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. मी पेन्सिल घेऊन लॉगबुकवर वाकलो. "गॅस नको... कढईत वाळू... तापली की पाइपात भरायची, आतून... एकसारखा... मग चिर..." पुढचं वाक्य अख्खं बुडालं. मी म्हटलं, पुन्हा सांगा, किती वेळ भरून ठेवायची? उत्तर आलं, नक्की आलं, त्यांच्या आवाजाचा खर्ज मला त्या खरखरीत ओळखू येत होता, पण आकडा कळला नाही.

लॉगबुकात त्या दिवशीच्या ओळीत वेळ आहे, फ्रिक्वेन्सी आहे, फाइव्ह-सेव्हन आहे. शेऱ्याच्या रकान्यात एकच प्रश्न: वाळू, किती मिनिटं?